कनू ट्रिपसाठी पोर्टेज पॅक कसा निवडायचा? ट्रेकिंगची सॅक इथे का चालत नाही?

उत्तर अमेरिकेत उन्हाळा आला की जंगलातल्या पायवाटांवर एक वेगळंच दृश्य दिसतं. माणूस चालतोय, पाठीवर भलीमोठी पिशवी आहे आणि डोक्यावर चक्क उलटी धरलेली होडी. थोड्या वेळाने पायवाट संपते, पुढे तळं लागतं. होडी पाण्यात, पिशवी होडीत, आणि प्रवास पुढे सुरू.

या होडीला म्हणतात कनू आणि पाठीवरच्या त्या पिशवीला पोर्टेज पॅक. चांगला पोर्टेज पॅक काही शे डॉलरला मिळतो. त्यामुळे अनेक जण पहिल्या ट्रिपला घरातलीच ट्रेकिंगची सॅक घेऊन निघतात, किंवा 'वॉटरप्रूफ' असं लेबल बघून काहीतरी उचलतात. मग तिसऱ्या दिवशी, सगळ्यात जवळच्या रस्त्यापासून दोन दिवसांच्या अंतरावर, खांद्याचा पट्टा तुटतो. किंवा तंबू लावल्यावर लक्षात येतं की स्लीपिंग बॅग चिंब भिजली आहे.

म्हणूनच हा पॅक निवडायचा कसा, ते समजून घेऊ.

पोर्टेज म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला 'बाउंड्री वॉटर्स' हा संरक्षित वनप्रदेश आहे. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर. त्यात एक हजाराहून जास्त तळी आणि कनूने जाण्याचे १,९०० किलोमीटरहून अधिक मार्ग आहेत. आत रस्ते नाहीत, दुकानं नाहीत, आणि बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला बंदी आहे. सीमेपलीकडे कॅनडात क्वेटिको आणि अल्गॉन्क्विन ही अशीच दोन मोठी प्रांतीय उद्यानं आहेत. अल्गॉन्क्विन टोरांटोहून गाडीने साधारण तीन तासांवर आहे. त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही लाँग वीकेंडला जमेल अशी ही सहल.

ही तळी एकमेकांना सलग जोडलेली नाहीत. मध्ये धबधबा, खडक किंवा जंगल येतं. तेवढा टप्पा होडी आणि सामान उचलून चालत पार करायचा. यालाच पोर्टेज म्हणतात. 'वाहून नेणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आलं.

बाउंड्री वॉटर्समध्ये पोर्टेजचं अंतर आजही 'रॉड'मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. नकाशावर ८० रॉड लिहिलं असेल तर सुमारे ४०० मीटर चालायचं आहे असं समजायचं.

आता एक साधं गणित. सामान एका खेपेत नेता आलं तर एक किलोमीटरच्या पोर्टेजला एकच किलोमीटर चालावं लागतं. दोन खेपा झाल्या की ओझं घेऊन जा, रिकाम्या हाताने परत या, पुन्हा ओझं घेऊन जा. म्हणजे तीन किलोमीटर. दिवसभरात चार किलोमीटरचे पोर्टेज असतील तर चालणं बारा किलोमीटरचं होतं. पॅक किती मोठा घ्यायचा आणि किती घ्यायचे, हे या गणितावर ठरतं.

ट्रेकिंगची सॅक का चालत नाही?

ट्रेकिंगची सॅक दिवसभर पाठीवर राहावी म्हणून बनवलेली असते. उंच, अरुंद, आत फ्रेम, बाहेर कप्पे आणि लोंबणारे पट्टे. कनूमध्ये यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आड येते.

उंच सॅक होडीच्या काठाच्या वर डोकावते. तिला वारा लागतो, वजन वर जातं आणि होडी डगमगते. फ्रेम असल्यामुळे ती होडीच्या आडव्या दांड्यांखाली सरकत नाही. शिवाय कनू खांद्यावर घेतली की डोक्यामागेही होडीच असते, त्यामुळे उंच सॅकचा वरचा भाग तिच्यावर आपटत राहतो.

पोर्टेज पॅक याच्या अगदी उलट. बुटका, रुंद, बिनफ्रेमचा आणि वरून पूर्ण उघडणारा एकच मोठा कप्पा. पाठीवर घेतला की तो खांद्यांच्या पातळीखाली राहतो, होडीत ठेवला की तळाशी बसतो. पाठीला तो ट्रेकिंगच्या सॅकइतका आरामदायी नसतो. पण तो एका वेळी दहा-वीस मिनिटंच उचलायचा असतो, म्हणून चालून जातं.

हा पॅक आला कुठून?

अठराव्या शतकात या जलमार्गांवरून फरचा व्यापार चालायचा. माल वाहणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्यांना 'व्होयाजर' म्हणत. सुपीरियर सरोवराजवळचा 'ग्रँड पोर्टेज' हा त्यांचा प्रसिद्ध टप्पा साडेआठ मैलांचा, म्हणजे सुमारे १३.७ किलोमीटरचा होता. मालाचा एक गठ्ठा साधारण ९० पौंडांचा, म्हणजे ४१ किलोचा असे. आणि असे दोन गठ्ठे एकदम उचलण्याची रीत होती.

हे ओझं ते 'टम्पलाइन'वर पेलत. टम्पलाइन म्हणजे डोक्यावरून घेतलेला रुंद पट्टा, ज्याची दोन टोकं पाठीवरच्या ओझ्याला बांधलेली असतात. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेल्यांनी नेपाळी भारवाहकांचा 'नाम्लो' पाहिला असेल. तत्त्व तेच.

पुढे १८८२ मध्ये मिनेसोटातल्या डुलुथ शहरात कमिल पॉइरिए या फ्रेंच-कॅनेडियन माणसाने कॅनव्हासच्या पॅकचं पेटंट घेतलं. त्यात टम्पलाइनच्या जोडीला खांद्याचे पट्टे होते, छातीवरचा पट्टा होता आणि चक्क छत्री अडकवायची सोयही होती. छत्री मागे पडली, पण बाकीची रचना आजच्या 'डुलुथ पॅक'मध्ये बऱ्याच अंशी तशीच आहे.

कापड कोणतं घ्यायचं?

बाजारात मुख्यतः तीन पर्याय दिसतात.

*कॅनव्हास :* जाड सुती कापड, चौरस मीटरला साधारण ५०० ग्रॅम वजनाचं. खडकावर घासलं तरी सहज फाटत नाही. शेकोटीची ठिणगी पडली तर नायलॉनसारखं वितळत नाही. फाटलंच तर जाड सुई आणि मेणाचा दोरा घेऊन कुणालाही शिवता येतं. तोटा वजनाचा. रिकामा मोठा पॅकच अडीच-तीन किलोपर्यंत जातो आणि भिजला की आणखी जड होतो. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी येते. चामड्याचे पट्टे असतील तर त्यांना मधूनमधून तेल किंवा मेण लावावं लागतं.

*नायलॉन :* हलकं, पटकन वाळणारं. लेबलवर ५०० किंवा १००० 'डेनियर' लिहिलेलं असतं. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तेवढा धागा जाड. पोर्टेजसाठी निदान तळ तरी १००० डेनियरचा आणि दुहेरी असावा. तोटा असा की आतला पॉलीयुरेथेनचा थर काही वर्षांनी चिकट होतो, त्याचे पापुद्रे निघतात. दमट, गरम जागी ठेवला तर हे लवकर होतं.

*पीव्हीसी ड्राय पॅक :* याचे सांधे शिवलेले नसून उष्णतेने जोडलेले असतात आणि तोंड गुंडाळून बंद करायचं असतं. किमान तीन वळसे घेतले तर पावसात किंवा होडी उलटली तरी सामान कोरडं राहण्याची शक्यता याच्यात सर्वाधिक. पण एक टोकदार फांदी घुसली की तो गुण संपला. ठिगळ लावता येतं, मात्र त्यासाठी कोरडा पृष्ठभाग आणि योग्य गोंद हवा.

थोडक्यात, वर्षानुवर्षं वापरायचा आणि स्वतः दुरुस्त करायचा तर कॅनव्हास, वजन कमी हवं असेल तर नायलॉन, आणि खळाळत्या नदीवर जायचं असेल तर पीव्हीसी.

निळं पिंप कशासाठी असतं?

कॅनडात अनेकांच्या पाठीवर प्लॅस्टिकचं निळं पिंप दिसतं. ते अन्नासाठी. ३० आणि ६० लिटर ही नेहमीची मापं. पोळ्या-ब्रेड दबत नाहीत, झाकण घट्ट बसतं, पाणी शिरत नाही आणि वासही कमी बाहेर येतो.

खरेदी करताना खरं बघायचं ते पिंपाचे पाठीवरचे पट्टे. स्वस्त पट्ट्यांवर भरलेलं पिंप पाठीत रुततं. आणखी एक गैरसमज म्हणजे पिंप घेतलं की अस्वलाची चिंता मिटली. अशा बऱ्याच पिंपांना 'अस्वलरोधक' प्रमाणपत्र नसतं. त्यामुळे पिंप असलं तरी ते झाडावर टांगावं लागेल का, हे त्या भागाच्या नियमांत आधी पाहावं.

पॅक फाटतो कुठे?

दुकानात लोक कापड चिमटीत धरून जाडी बघतात. पण पॅक सहसा कापडाच्या मध्यभागी फाटत नाही. तो फाटतो जोडाशी.

सगळ्यात कमकुवत जागा म्हणजे खांद्याचा पट्टा पॅकला जिथे शिवलेला असतो ती. काठाला लागल्यावर वीस-पंचवीस किलोचा पॅक घाईघाईत एकाच पट्ट्याला धरून होडीतून ओढला जातो. दिवसातून आठ-दहा वेळा असा हिसका बसला की टाके उसवतात. दुसरी जागा तळ. या भागात काठावर बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइटचा खडक आहे आणि पॅक त्यावर आपटतो, घासतो. तिसरी जागा प्लॅस्टिकची बकलं. पायाखाली आली की गेली.

म्हणून खरेदीच्या वेळी या गोष्टी तपासाव्यात :

• पट्ट्याच्या मुळाशी चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण किंवा दाट टाके आहेत का? मागे जास्तीचा कापडी किंवा चामड्याचा तुकडा लावला आहे का?
• पॅक उलटा करून आतल्या शिवणी बघा. कापडाच्या कडा मोकळ्या आहेत की पट्टीने बंद केल्या आहेत?
• उचलायला दोन्ही बाजूंना वेगळ्या मुठी आहेत का? असतील तर खांद्याच्या पट्ट्यावर हिसका येत नाही.
• तळ दुहेरी आहे का?
• बकल तुटलं तर शिवण न उसवता नवीन लावता येतं का?
• दुकानात वीस किलो वजन भरून दहा मिनिटं चालून बघता येईल का?

आजीवन हमी असली तर चांगलंच. पण हमीत सहसा शिवणीतला दोष येतो, वापराने झालेली झीज येत नाही. आणि रानात हमीपत्राचा उपयोग नसतो. तिथे कामी येतात जाड सुई, डेंटल फ्लॉस, एक जास्तीचं बकल, दोन मीटर पट्टी आणि डक्ट टेप.

मग पाणी कोण अडवतं?

कॅनव्हास किंवा साध्या नायलॉनच्या पॅकचं काम आहे झीज सोसणं. पाणी अडवण्याचं काम आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तर-पिशवीचं. ती जाड, साधारण ०.१५ मिलिमीटरची असावी. स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे तिच्या आत आणखी एका ड्राय बॅगेत ठेवायचे. तंबू ओलाच गुंडाळलेला असेल तर तो अस्तराच्या बाहेर, वर.

ही काळजी महत्त्वाची आहे, कारण मे महिन्यात किंवा सप्टेंबरच्या अखेरीस या भागात रात्री पारा शून्याच्या आसपास येऊ शकतो. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की तिची ऊब जवळपास संपते. अशा थंडीत ओल्या अंगाने रात्र काढली तर शरीराचं तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

किती मोठा आणि किती?

कनू पॅक साधारण ६० ते ११५ लिटरपर्यंत मिळतात. मोठा पॅक घेतला की तो भरला जातोच, आणि भरलेला ११५ लिटरचा पॅक एकट्याने जमिनीवरून पाठीवर घेणं सोपं नाही. दोघांसाठी सहसा कपडे-तंबूचा एक मोठा पॅक, अन्नाचा एक छोटा पॅक किंवा ३० लिटरचं पिंप आणि एक हलकी पिशवी पुरते. मग एक जण मोठा पॅक नेतो, दुसरा कनू आणि छोटा पॅक. एका खेपेत काम होतं.

टम्पलाइन वापरायची असेल तर पट्टा कपाळावर न घेता केस सुरू होतात त्याच्या जरा वर घ्यावा, म्हणजे वजन सरळ मणक्यावर उतरतं. सुरुवात हलक्या ओझ्याने करावी. मानेचं दुखणं असेल तर हा प्रयोग टाळलेलाच बरा. आणि पाण्यातून चालत जाताना छातीचा-कमरेचा पट्टा लावू नये. पाय घसरलाच तर पॅक झटक्यात उतरवता आला पाहिजे.

विकत घ्यायचा की भाड्याने?

पहिल्याच ट्रिपला विकत घ्यायची घाई नको. मिनेसोटातलं ईली, ग्रँड मरे किंवा अल्गॉन्क्विनच्या आसपास कनू भाड्याने देणारे पॅकही भाड्याने देतात. हे पॅक वर्षानुवर्षं अनोळखी हातांनी आपटलेले असतात. ते कुठे झिजलेत, कुठे ठिगळ आहे, कुठले पट्टे बदललेत हे बघितलं की कोणता पॅक टिकतो ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळतं. परत करताना दुकानदाराला एवढंच विचारावं, "यातला सगळ्यात जुना पॅक कोणता?"

आणि स्वतःचा घेतलाच, तर ट्रिपहून आल्यावर तो रिकामा करून, उलटा टांगून, शिवणीपर्यंत पूर्ण वाळवायचा. रानात खडकांवर टिकलेला पॅक घरच्या तळघरात बुरशीने जायला नको.