हरपलेल्या इंग्लंडच्या इमारती

मुंबईतील राजाबाई मनोऱ्याचा गॉथिक आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईस कधी आले नाहीत. लंडनमध्ये कागदावर रेखाटलेला तो मनोरा १८७८ मध्ये प्रत्यक्षात पुरा झाला. फ्रेडरिक लँडसीयर ग्रिग्ज या इंग्लिश चित्रकाराने कल्पिलेल्या गॉथिक इमारती मात्र कागदावरच राहिल्या.

ग्रिग्ज यांचा जन्म १८७६ मध्ये हिचिन येथे झाला. वास्तुशिल्पज्ञांना नियोजित इमारतींची यथादर्शन चित्रे काढून देणे, हा त्यांचा आरंभीचा व्यवसाय. पुढे इंग्लंडच्या परगण्यांवरील एका ग्रंथमालेसाठी त्यांनी जुनी खेडी, चर्चे व मठांचे भग्नावशेष रेखाटले. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडीत काढले होते. छपरांवरचे शिसे वितळवले गेले, दगड आसपासच्या घरांच्या भिंतींत गेले. १९१२ मध्ये ग्रिग्ज यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्याच सुमारास ते अम्लरेखनाकडे, म्हणजे एचिंगकडे, गांभीर्याने वळले. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. जे पाडले गेले ते समोर बसून रेखाटता येत नाही. ते मनातच पुन्हा बांधावे लागते.

या तंत्रात तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेघा ओढतात. पत्रा अम्लात ठेवला की उघड्या रेघांपुरतेच तांबे झिजते. त्या खाचांत शाई भरून, पृष्ठभाग पुसून, ओलसर कागदावर ठसा घेतात. पुसताना शाई किती मागे ठेवावी, यावर चित्रातील सांजवेळ अवलंबून असते. म्हणूनच ग्रिग्ज यांनी चिपिंग कॅम्पडेन येथील राहत्या घरी स्वतःचे दाबयंत्र बसविले. ग्रॅहम सदरलँड यांच्यासारख्या तरुणांनी त्यांच्याकडून ठसे घेण्याची कला आत्मसात केली.

त्यांनी सुमारे ५७ पत्रे कोरले. एकाचे लॅटिन नाव ‘हरपलेल्या इंग्लंडमधून’ अशा अर्थाचे आहे. ‘सारास’ ही तर दंतकथेतील पवित्र नगरी. तरीही त्यांत स्वैरपणा नाही. पिरानेसी यांचे तुरुंग कोणत्याही गवंड्याला बांधता येणार नाहीत. ग्रिग्ज यांच्या भिंती उद्याही बांधता येतील.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अशी मुद्राचित्रे लोक शेअर्ससारखी विकत घेत. १९२९ च्या मंदीत तो बाजार कोसळला. नेमके तेव्हाच ग्रिग्ज कॅम्पडेनमध्ये जुन्या कारागिरीने, हातघडणीच्या दगडांत, स्वतःसाठी नवे घर बांधीत होते. १९३१ मध्ये रॉयल अकॅडमीचे पूर्ण सदस्यत्व मिळाले, तरी पैशाची विवंचना सुटली नाही. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. कल्पनेतले इंग्लंड दगडात उतरविण्याचा हा एकच प्रयत्न त्यांना फार महाग पडला.