शालेय वर्षातील वाढीव अध्ययन-दिवस आणि प्राथमिक स्तरावरील विद्यार्थी : एक विवेचन

प्रस्तावना

शिक्षणाच्या गुणवत्तेचा विचार करताना अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, शिक्षक-प्रशिक्षण व मूल्यमापन यांची चर्चा सातत्याने होते. त्या मानाने शाळा वर्षातून किती दिवस भरावी, हा प्रश्न वेळापत्रकाची प्रशासकीय बाब म्हणून बाजूला राहतो. वास्तविक वाचन, लेखन व अंकज्ञान यांचा पाया ज्या वयात घातला जातो, त्या वयात मिळणाऱ्या वेळेला विशेष महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील टेक्सास राज्याची वाढीव शालेय दिवसांची योजना आणि तिच्या अनुषंगाने महाराष्ट्रातील परिस्थिती यांचा विचार केला आहे.

वेळ आणि अध्ययन यांचा संबंध

जॉन कॅरोल यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, एखादी गोष्ट शिकण्यासाठी विद्यार्थ्याला लागणारा वेळ आणि त्याने प्रत्यक्षात दिलेला वेळ यांच्या प्रमाणावर अध्ययनाची पातळी अवलंबून असते. यातून एक महत्त्वाचा भेद पुढे येतो. दिनदर्शिकेवरील कामाचा दिवस, त्या दिवशी झालेले अध्यापन आणि मुलाचे प्रत्यक्ष अध्ययन या तीन भिन्न गोष्टी आहेत. पहिली वाढविली म्हणजे तिसरी आपोआप वाढते असे नाही.

हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केलेल्या संशोधन-समीक्षेत असे आढळले की, उन्हाळी सुटीत विद्यार्थी सरासरी सुमारे एका महिन्याच्या अध्ययनाइतके मागे पडतात. गणितातील घट वाचनापेक्षा अधिक असते, आणि वाचनाच्या बाबतीत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांची हानी अधिक होते. ही घट कितपत मोठी आहे हे वापरलेल्या चाचणीच्या स्वरूपावर बरेच अवलंबून असते, असा आक्षेप पुढील काळात घेतला गेला आहे. मेरीलँड राज्यातील अभ्यासात हिमवृष्टीमुळे शाळा अधिक दिवस बंद राहिलेल्या वर्षी उत्तीर्णांचे प्रमाण घटल्याचे दिसले, आणि हा परिणाम लहान इयत्तांत अधिक ठळक होता. याउलट पश्चिम जर्मनीत १९६६-६७ मध्ये शालेय वर्षाचा प्रारंभ वसंत ऋतूतून शरद ऋतूत नेताना अनेक राज्यांत दोन लघु शालेय वर्षे घेण्यात आली. त्यांचा अभ्यास करताना पिश्के यांना प्राथमिक स्तरावर त्याच वर्गात पुन्हा बसणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढलेले आढळले, परंतु पुढील आयुष्यातील कमाईवर प्रतिकूल परिणाम दिसला नाही. तात्पर्य, वेळेची हानी सर्वांना सारखी बाधत नाही. जी मुले आधीच मागे आहेत त्यांना ती प्रथम बाधते.

टेक्सासमधील योजना

टेक्सास राज्याने २०१५ मध्ये शालेय वर्षाचे मोजमाप दिवसांऐवजी मिनिटांत करण्यास प्रारंभ केला व वार्षिक किमान ७५,६०० मिनिटांची अट घातली. मधल्या सुटीचा वेळही या मिनिटांत धरला जातो. दिवसांच्या बंधनातून मुक्त झालेल्या याच राज्याने २०१९ च्या शिक्षणविषयक अर्थसाहाय्य कायद्यात दिवसांना पुन्हा महत्त्व दिले. जो शालेय जिल्हा नेहमीचे १८० दिवस पूर्ण करून पूर्वप्राथमिक ते पाचवीच्या मुलांसाठी आणखी दिवस शाळा भरवील, त्याला कमाल ३० दिवसांपर्यंत अर्ध्या दिवसाच्या दराने निधी देण्याची तरतूद मूळ कायद्यात करण्यात आली. योजना ऐच्छिक ठेवण्यात आली.

या दिवसांच्या मांडणीचे तीन मार्ग सुचविण्यात आले. पहिला, उन्हाळ्यातील ऐच्छिक वर्ग. दुसरा, वर्षभराच्या दिनदर्शिकेत मध्ये मध्ये खंड ठेवून त्या खंडांत वाढीव दिवस योजणे. तिसरा, संपूर्ण वर्षाची व दिवसाचीही पुनर्रचना करून शिक्षकांना नियोजनासाठी आणि मुलांना खेळासाठी अधिक वेळ देणे. पहिला मार्ग सर्वांत सोपा आहे. पण ऐच्छिक वर्गात नेमकी गरजू मुले येतीलच याची शाश्वती नसते. तिसरा मार्ग सर्वांत कठीण आहे, कारण त्यात पालकांची दिनचर्या, वाहतूक आणि शिक्षकांच्या सेवाशर्ती या सर्वांत बदल करावा लागतो. शिवाय अर्ध्या दराने मिळणाऱ्या निधीत पूर्ण दिवसाचा खर्च भागविण्याचा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राच्या संदर्भात

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार इयत्ता पहिली ते पाचवीसाठी किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन-तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास विहित आहेत. लहान मुलांची शारीरिक क्षमता लक्षात घेता हा फरक समजण्याजोगा आहे. तथापि पाच वर्षांत तो १,००० तासांचा होतो, हे विसरता येत नाही. त्यातच जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक या कामांसाठी शिक्षकांना नेमण्याची मुभा याच अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे. एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक अशा कामावर गेला, तर शाळा भरलेली असूनही अध्यापन मात्र खंडित होते.

याहून गंभीर प्रश्न स्थलांतराचा आहे. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी निघणारी कुटुंबे गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. जी मुले त्यांच्यासोबत जातात, त्यांचे जवळजवळ निम्मे शालेय वर्ष कारखान्याच्या तळावर जाते. मूल गावी परतते तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षेची धावपळ असते आणि त्यानंतर लगेच सुटी लागते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला मागे ठेवणे अनेक कुटुंबांना शक्य होत नाही. वाढीव दिवसांची खरी गरज या मुलांना आहे.

यासाठीचा काही पूर्वानुभव उपलब्ध आहे. करोनाकाळानंतर २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला होता. म्हणजेच सुटीत शाळेचे दार उघडे ठेवणे ही कल्पना अगदीच अपरिचित नाही.

मर्यादा

मराठवाडा व विदर्भातील उन्हाळा ही पहिली मर्यादा होय. विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, त्यामागे हेच कारण आहे. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत लहान मुलांना बसविणे अध्ययनाला पोषक नाही आणि आरोग्यालाही घातक आहे. म्हणून वाढीव दिवस एप्रिलमधील सकाळच्या सत्रांत, जूनच्या प्रारंभी किंवा दिवाळीपूर्वी योजावे लागतील. दुसरी मर्यादा शिक्षकांच्या सेवाशर्तींची आहे. सुटीतील कामाचा योग्य मोबदला वा अर्जित रजा यांची हमी नसल्यास योजना कागदावरच राहील. तिसरी मर्यादा आशयाची. सहा महिने वर्गाबाहेर राहिलेल्या मुलाला वार्षिक परीक्षेची उजळणी उपयोगाची नाही. त्याचे वाचन जिथे थांबले तेथूनच सुरुवात करावी लागते.

समारोप

सर्व शाळांचे दिवस सरसकट वाढविण्याने नियमित येणाऱ्या मुलांना थोडा लाभ होईल. ज्यांचे दिवस बुडाले आहेत त्यांची तूट मात्र तशीच राहील. टेक्सासच्या योजनेतून घेण्याजोगा बोध ३० या आकड्यात नसून, लहान मुलांसाठी स्वतंत्र निधी आणि मांडणीचे स्वातंत्र्य या दोन तत्त्वांत आहे. महाराष्ट्रात या तत्त्वांचा प्रारंभ स्थलांतरित मुलांच्या गावांपासून करता येईल. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी आपल्या छात्राध्यापकांच्या शालेय अनुभवाचा काही भाग अशा दिवसांशी जोडल्यास एप्रिलमध्ये परतलेल्या मुलाला शिकविण्यासाठी मनुष्यबळ मिळेल आणि भावी शिक्षकालाही वर्गाचे खरे स्वरूप कळेल. शालेय वर्ष किती दिवसांचे असावे, हा प्रश्न विचारताना ते कोणत्या मुलासाठी किती दिवसांचे ठरते, हेही विचारले गेले पाहिजे.