ट्रॅक्टरचा भोंगा अचानक मुका झाला तर

दिवाळीच्या सुमारास अल्लीपूरच्या काळ्या जमिनीतील कापूस वेचणीस येतो आणि गावातील ट्रॅक्टरांना विसावा उरत नाही. सकाळी मजुरांची ने-आण, दुपारी शेतातून घरी कापूस, आणि पुढे हिंगणघाटच्या बाजारपेठेची वाट. पांदण रस्त्याच्या दोन्ही अंगांस पऱ्हाटी व बाभळी दाट माजलेल्या असतात. वळणापलीकडून बैलबंडी येत आहे की शाळेतून परतणारी मुले, हे चालकास दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात त्यास समोरची चाहूलही लागत नाही. अशा वेळी भोंगा हेच त्याचे साधन. नेमका तोच पावसाळ्यानंतर मुका झालेला आढळतो आणि "बाजाराहून परत आल्यावर पाहू" म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडते. वास्तविक यातील बहुतेक बिघाड शेतकऱ्यास घरच्या घरी, तासाभरात शोधता येतात.

भोंग्याची रचना साधी आहे. आत तारेचे वेटोळे, त्यासमोर पोलादी पडदा आणि एकमेकांस टेकणारी दोन टोके असतात. वीज आली की वेटोळ्याचे लोहचुंबक होऊन पडदा ओढला जातो. त्याच क्षणी टोके विलग होऊन वीज खंडित होते व पडदा मागे येतो. ही क्रिया सेकंदास सुमारे ३०० ते ५०० वेळा घडते व तिचाच नाद आपण ऐकतो. टोकांवर गंज चढला अथवा पडद्यात चिखल साठला की नाद बसतो किंवा थांबतो. ट्रॅक्टरचा भोंगा पुष्कळदा पुढे, सखल जागी बसविलेला असल्याने चिखलणीचे पाणी त्यावर प्रथम उडते.

तपासणीस बसण्यापूर्वी कापसाने भरलेली ट्रॉली सोडून दूर उभी करावी. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो व कापसास ठिणगी पुरते, म्हणून विडी-काडी जवळ नसावी.

प्रथम समोरचे दिवे लावून भोंग्याचे बटण दाबावे. दिवे अगोदरच मंद असतील तर दोष भोंग्याचा नसून बॅटरीचा आहे. १२ व्होल्टची चांगली बॅटरी विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असल्यास अर्थची तार आधी सोडावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके धुवावीत, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडी करून थोडे ग्रीस लावावे.

दिवे तेजस्वी असतील तर फ्यूज पाहावा. येथे एका वाईट सवयीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. फ्यूज जळाला की त्याजागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी बसविण्याची हातचलाखी गावोगाव चालते. भोंगा वाजतो खरा; पण फ्यूज ज्या कारणाने जळाला ते कारण तसेच राहते. कोठेतरी उघडी तार धातूस टेकत असते, ती आता तापू लागते, आणि मागे कापूस असतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तोही लगेच जळाला तर मोठा न घालता तारेचा मार्ग बोटाने चाचपीत जावे. कोठारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात. सायलेन्सरजवळ तारेचे वेष्टन वितळते. या दोन जागा आधी पाहाव्यात.

फ्यूज शाबूत असल्यास इंडिकेटरचा १२ व्होल्टचा दिवा घेऊन त्यास दोन तारा जोडाव्यात. भोंग्यास दोन तारा येत असतील तर त्या काढून त्यांच्यामध्ये हा दिवा धरावा व दुसऱ्या माणसाने बटण दाबावे. दिवा लागला तर वीज येत आहे, भोंगा बिघडला. न लागल्यास दोष तारांत, बटणात किंवा रिलेत. बटण दाबताच रिलेतून बारीक 'टक' ऐकू येते काय ते कान देऊन पाहावे. त्याच जातीचा दुसरा रिले गाडीत असल्यास अदलाबदल करून निर्णय लगेच होतो.

भोंग्यास एकच तार असेल तर अर्थ त्याच्या अंगातून मिळते. दिव्याचे एक टोक त्या तारेस व दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूस लावावे. मग तेच भोंग्याच्या अंगास लावावे. पहिल्या वेळी दिवा लागून दुसऱ्या वेळी न लागल्यास भोंग्याच्या पट्टीखाली गंज आहे. पट्टी सोडून पॉलिश पेपरने घासली की काम होते. नवा भोंगा विकत आणण्यापूर्वी एवढे तरी करावेच. कित्येक चांगले भोंगे या एका गंजापायी भंगारात जातात.

वीज पोचूनही आवाज घोगरा असेल तर भोंग्याच्या मागील स्क्रूची मूळ जागा खुणावून तो अगदी थोडा फिरवून पाहावा. बटण क्षणभरच दाबावे, अन्यथा वेटोळे जळते. पाण्याने पडदा सडला असल्यास मात्र भोंगा बदलणे इष्ट. बदलताना एकामागून एक निराळे सूर काढणारा किंवा अति कर्कश भोंगा घेऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये त्यास मनाई आहे, आणि बैल बुजतात ते वेगळेच.

मोटारगाडीच्या स्टीअरिंगमध्ये हवेची सुरक्षा-पिशवी असल्यास तेथील बटण स्वतः उघडू नये. ते काम जाणत्या कारागिराचे आहे. दुरुस्ती होईपर्यंत ट्रॅक्टर अंधारात बाहेर काढू नये आणि पांदणीच्या वळणावर एका माणसास उतरवून पुढे चालवावे.