दाताचा ताप आणि उलटी जाणारी लघवी

तान्ह्या बाळाला दोन दिवस ताप आहे. सर्दी नाही, खोकला नाही. कळमनुरीत काय नि कुठे काय, असा ताप 'दात येताहेत' म्हणून सोडून दिला जातो. दात येताना अंग थोडे कोमट लागते, पण 39 अंश सेल्सिअसचा ताप दातांमुळे येत नाही. तो लघवीच्या संसर्गाचा असू शकतो. जळजळ होते हे बाळ सांगणार कसे? ते दूध सोडते, किरकिरते, ओकते.

मोठ्या मुलाला 'उन्हाळी लागली' म्हणून धण्याचे पाणी देतात. पाणी पाजावेच, पण सोबत ताप असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची शक्यता असते आणि तिथे अँटिबायोटिकच लागते. मात्र पहिल्या डोसाआधी लघवीचा कल्चरसाठी नमुना घ्यायला हवा. घाईत नेमके हेच राहते. कळमनुरीहून हिंगोली किंवा नांदेडची गाडी धरेपर्यंत औषध सुरू झालेले असते, मग कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत आणि निदान कायमचे संशयात राहते. चिकटवलेल्या पिशवीतल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात. मधल्या धारेचा किंवा नळीने काढलेला नमुना भरवशाचा.

तापासह असा संसर्ग झालेल्या साधारण तीनातल्या एका मुलात मूत्राशयातली लघवी मूत्रपिंडाकडे उलटी जाते. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. मूत्राशय भरले की तेवढा भाग दबून बंद होतो. तो आखूड असला की लघवी वर सरकते. मूल वाढते तसा तो लांबतो, म्हणून सौम्य दोष बहुधा आपोआप जातो. 'ऑपरेशन अटळ' हे खरे नाही.

'सोनोग्राफी चांगली, म्हणजे दोष नाही' हेही नाही. खात्री एमसीयू तपासणीने होते: नळीतून मूत्राशयात औषध भरून, लघवी करतानाचे एक्स-रे काढतात आणि दोषाला 1 ते 5 अशी श्रेणी देतात. प्रत्येक मुलाला ती लागतेच असेही नाही.

रोज रात्री थोडे अँटिबायोटिक द्यावे का? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 607 मुलांच्या अमेरिकी अभ्यासात त्याने पुन्हा होणारे संसर्ग निम्म्यावर आले, पण मूत्रपिंडावरचे व्रण कमी झाले नाहीत. तेव्हा निर्णय वय आणि श्रेणी पाहूनच. बद्धकोष्ठता मात्र आधी घालवावी. तिने संसर्ग वारंवार होतो.

मुलग्याची धार बारीक असेल, थेंबथेंब येत असेल, तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो. तिथे 'वाढेल तसे बरे होईल' म्हणून थांबू नये. तो दुर्बिणीने कापावा लागतो.