उन्हाळ्यात घाट चढणारा भरलेला ट्रक : इंजिन का तापते व काय करावे?

मे महिन्यातील गोष्ट आहे. आमच्या नात्यातील एका बागायतदाराने अलिबागकडील बागेतून हापूसच्या पेट्या भरून ट्रक पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डाकडे रवाना केला. पहाटे निघायचे, ते भरणी लांबल्याने दुपारी निघाले. खोपोली सोडून बोरघाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. ती मार्गी लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. लिलाव हुकला, ताडपत्रीखाली उकडून कितीतरी फळ मऊ पडले व पडेल त्या भावाला द्यावे लागले.

ट्रक नवा होता, चांगला दोनशे अश्वशक्तीचा. मेस्त्रीने तपासले तर इंजिनात काहीच दोष नव्हता. रेडिएटर आणि त्याच्या पुढील इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत उसाच्या पाचटाचा भुगा ठासून बसला होता. गाडीने हिवाळाभर कारखान्याला ऊस वाहिला होता. थंडीत खोड कळली नाही, ती उन्हाळ्यात घाटात उघडी पडली.

मी कृषिविद्येचा अध्यापक, यंत्रांचा जाणकार नव्हे. परंतु आज अनेक शेतकरी बंधूंच्या दारात स्वतःचा वा भागीदारीतला ट्रक उभा असतो. म्हणून हा विषय सोप्या हिशेबाने मांडत आहे.

उष्णता किती व ती जाते कोठे?

इंजिनात जळणाऱ्या डिझेलपैकी साधारण एक तृतीयांशाहून थोडी अधिक ऊर्जा चाकांच्या कामी येते. मोठा वाटा धुराबरोबर जातो आणि सुमारे चौथा हिस्सा इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. ही उष्णता रेडिएटरने हवेत टाकायची असते.

मालासह १६ टन वजनाचा ट्रक खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची अर्ध्या तासात चढला, तर केवळ वजन वर उचलण्यासाठी सुमारे ६० अश्वशक्ती लागते. चाकांचे घर्षण व इतर खर्च धरता पाण्यात उतरणारी उष्णता ४० किलोवॉटच्या आसपास भरते. म्हणजे एक किलोवॉटचे चाळीस हीटर एकाच वेळी चालू केल्यासारखे झाले. रेडिएटरने ही उष्णता टाकलीच नाही, आणि फक्त पाण्याचा हिशेब धरला, तर २० लिटर पाणी ८५ अंशांवरून १०० अंशांवर जाण्यास जेमतेम अर्धा मिनिट पुरेल.

जास्त शक्तीची गाडी आधी का तापते?

अधिक अश्वशक्तीचा ट्रक तोच घाट निम्म्या वेळात चढतो. एकूण उष्णता जवळपास तेवढीच, पण दर मिनिटाला ती दुप्पट टाकावी लागते. त्यासाठी अशा गाडीचा रेडिएटर मोठा असतो. तो थोडा जरी चोंदला, तरी दोष लवकर दिसतो. शिवाय टर्बो इंजिनाचा इंटरकूलर बहुधा रेडिएटरच्या पुढे असतो. त्यातून गेलेली हवा आधीच गरम होऊन रेडिएटरवर येते.

उन्हाचा परिणाम

रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी व हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९० अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५ अंशांचा. हवा ४० अंश झाली की फरक ५० वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास पाव हिश्श्याने कमी काम करतो. त्यात पाचटाने निम्मी जाळी बंद केली असेल, तर गाडी तापणारच.

हंगामापूर्वी काय करावे?

१) ऊस, भुसा, कडबा यांची वाहतूक संपताच रेडिएटर व इंटरकूलर साफ करावेत. इंजिन गार असताना, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने वा हवेने कचरा काढावा. दाब जास्त झाल्यास पातळ पत्रे वाकतात. दोन्हींमधील फट आवर्जून पाहावी.

२) रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरू नये. ठिबकच्या तोट्या क्षारांनी कशा बंद होतात हे आपण पाहतोच. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कुलंट योग्य प्रमाणात वापरावे.

३) रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे काम करते. पुण्याच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते. झाकणाच्या दाबामुळे हा बिंदू ११० अंशांच्या वर जातो. झाकणाचे रबर चिरले असल्यास झाकण बदलावे.

४) पंख्याचा व पंपाचा पट्टा ढिला वा तडकलेला नसावा. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात.

५) गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चूक करू नये. इंजिन गार राहून झीज व डिझेलचा खर्च वाढतो. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत जाते व इंजिन अधिकच तापते.

घाटात घ्यावयाची काळजी

नाशवंत माल असल्यास घाट पहाटे किंवा रात्री चढावा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नये. चढ लागण्यापूर्वीच खालचा गियर टाकावा. इंजिनाचे फेरे वाढले की पंपही वेगाने फिरतो. वरच्या गियरमध्ये रेटून चढवल्यास उष्णता जास्त आणि पाण्याचे फिरणे कमी, असे होते.

काटा वर चढू लागल्यास सुरक्षित जागी थांबावे. पाणी गळत नसेल तर इंजिन लगेच बंद न करता तीन ते पाच मिनिटे रिकामे चालू ठेवावे. नळी फुटली असेल किंवा पाणी संपले असेल, तर मात्र तत्काळ बंद करावे. गरम इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने व वाफेने तोंड व हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास ते तडकू शकते.

आमच्या नातेवाइकांनी आता एक नियम केला आहे. उसाचा शेवटचा फेरा कारखान्यावर रिकामा झाला की त्याच दिवशी रेडिएटर धुवायचा. या कामाला तास-दीड तास लागतो. घाटात घालवलेल्या एका रात्रीपेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो. आपणही आंबा, टोमॅटो वा भाजीपाला भरण्यापूर्वी गाडीची पुढची जाळी एकदा उघडून पाहावी.