गिर्येचा महाऊर्जा प्रकल्प कागदावरच का राहिला?

कोळशाची खाण नसलेल्या कोकणात कोळशावरची वीज कशासाठी? केंद्र सरकारच्या अतिविशाल ऊर्जा प्रकल्प योजनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गिर्ये (ता. देवगड) येथे २००६ च्या सुमारास ४००० मेगावॉटचा प्रकल्प प्रस्तावित झाला. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या चारही टप्प्यांची एकत्रित क्षमता १९६० मेगावॉट आहे. गिर्येत तिच्या दुपटीहून अधिक वीज व्हायची होती. कोळसा परदेशातून जहाजाने आणावयाचा आणि यंत्रणा थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी वापरावयाचे, हा त्यामागील हिशेब होता.

मात्र या परिसराची उपजीविका हापूस आणि मासळी यांवर चालते. हापूसचा मोहोर थंडीत येतो आणि तो अतिशय नाजूक असतो. चिमणीतून निघणारी राख व सल्फर डायऑक्साइड याच मोहोरावर बसले, तर वर्षाचे पीक हातचे जाईल, ही बागायतदारांची भीती होती. सागरात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याची धास्ती मच्छीमारांना होती. पुढे याच तालुक्यातील मुणगे गावाचा विचार झाला. विरोध तेथेही उभा राहिला.

याच योजनेतील गुजरातचा मुंद्रा प्रकल्प २०१३ पर्यंत पूर्ण झाला. परंतु इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातदराचे नियम बदलताच करारातील दराने वीज देणे तेथे तोट्याचे ठरले. गिर्येचे गणितही आयात कोळशावरच बेतलेले होते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात सिंधुदुर्गचाही समावेश आहे.