विश्लेषण : कॅराव्हॅनच्या छतावर डिश आहे, मग टीव्ही का दिसत नाही?

नागपूरहून निघालेली कॅराव्हॅन भंडारा मागे टाकते, वैनगंगा ओलांडते आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ ने साकोलीकडे लागते. गाडीत पलंग आहे, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे आणि भिंतीवर टीव्हीही आहे. मुक्कामाला छानशी सावली बघून गाडी थांबते आणि पडद्यावर एवढेच येते : ‘सिग्नल नाही’. घरच्या गच्चीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारी डिश गाडीवर चढली की रुसते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून अशा चाकावरच्या घरांची चर्चा वाढली आहे. नागझिरा, कोका अभयारण्य आणि गोसीखुर्दचे पाणी बघायला येणाऱ्यांना या अडचणीचे उत्तर माहीत असलेले बरे.

नेमके बिघडते काय?

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने ते आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखे दिसतात. म्हणून घरची डिश एकदा बसवली की तिला हात लावावा लागत नाही. साधारण ६० सेंटिमीटरची डिश आकाशाचा जेमतेम तीन अंशांचा तुकडा बघते. ती दोन-तीन अंशांनी सरकली तरी चित्र फुटते किंवा जाते.

बहुतेकांना वाटते की गाव बदलले म्हणून सिग्नल गेला. तसे नसते. नागपूर ते भंडारा या साठेक किलोमीटरच्या प्रवासात डिशच्या दिशेत फरक पडतो तो एखाद्या अंशाचा. फरक पाडते ती गाडी. ती महामार्गावरून वळून धाब्यासमोर उभी राहिली की तोंड एकदम ९० अंशांनी फिरते. एक चाक खड्ड्यात असेल तर छत तिरके होते. म्हणजे उपग्रह जागेवर असतो, गावही फारसे दूर गेलेले नसते, पण डिशच्या पायाखालची जमीन हललेली असते. त्यामुळे छतावर पक्की ठोकलेली घरगुती डिश हा पैसे वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

भंडाऱ्यातून डिश कुठे वळवायची?

दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला मासिक भाडे नाही, रिचार्ज नाही, त्यामुळे फिरत्या गाडीसाठी ती सर्वांत सोयीची. तिचे कार्यक्रम ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. भंडारा शहरातून हा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १४६ अंशांवर, म्हणजे आग्नेयेपासून थोडा दक्षिणेकडे आणि क्षितिजापासून ६० अंश उंच असतो. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहे. तो भंडाऱ्यातून जवळपास दक्षिणेला, ६५ अंश उंचीवर येतो. एअरटेलसाठी १०८.२ अंश पूर्वेकडे बघावे लागते, तिथे उंची ४९ अंशांवर उतरते.

डिशकडे बघून मात्र या उंचीचा अंदाज येत नाही. आपल्याकडच्या डिशचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. ती समोरच्या घराच्या कौलाकडे तोंड करून आहे असे वाटते, पण तिची नजर आभाळात असते.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांची फसगत आणखी एका ठिकाणी होते. मुंबईत याच फ्री डिशसाठी दिशा १३१ अंश धरावी लागते आणि एलएनबी सुमारे ४५ अंश तिरका फिरवावा लागतो. भंडाऱ्यात हा तिरकेपणा ३२ अंशांच्या आसपास येतो. दिशा बरोबर लागली, पण एलएनबी मुंबईच्याच कोनात राहिला, तर काही चॅनेल दिसतात आणि काही येतच नाहीत. मग सगळे खापर सेट-टॉप बॉक्सवर फुटते.

दिशा शोधायला मोबाइलमधले होकायंत्र पुरते. फक्त ते गाडीपासून पाच-सात पावले दूर जाऊन बघावे. गाडीचे लोखंड सुईला ओढते.

सावली हवी की सिग्नल?

विदर्भातला मे महिना ज्याने सोसला आहे तो गाडी उन्हात लावणार नाही. आणि डिशला तर झाड चालतच नाही. साग, ऐन, मोह यांच्या पानांमधून हे सिग्नल नीट येत नाहीत. पाने ओली असतील तर मुळीच नाही. उन्हाळ्यात पानगळीच्या सागाखाली लागलेले चित्र जुलैत त्याच जागी गायब होते, ते यामुळेच.

इथे भंडाऱ्याचा भूगोल मदतीला येतो. उपग्रह ६० अंश उंच असल्याने ५० फुटी झाडापासून सुमारे ३० फूट लांब राहिले की आकाश मोकळे मिळते. लंडनमध्ये तिथला टीव्हीचा उपग्रह जेमतेम २५ अंशांवर असतो. तेवढ्याच झाडासाठी तिथे शंभर फुटांहून अधिक मागे सरकावे लागते. परदेशी कॅराव्हॅनवाल्यांचे व्हिडिओ बघून घाबरण्याचे कारण नाही.

तेव्हा सोपा उपाय असा की गाडी सावलीत ठेवावी आणि डिश तिपाईवर उन्हात ठेवावी. मध्ये ४०-५० फूट केबल. तिपाई आधी पातळीत आणायची, कारण ती तिरकी असेल तर बाकीचे सगळे अंश चुकतात. वाऱ्याने पडू नये म्हणून तिच्या पायाशी पाण्याचा भरलेला कॅन बांधला की झाले. पहिल्या दिवशी अर्धा तास जातो, सवय झाली की दहा मिनिटांत चित्र लागते. डिश हळू फिरवावी. बॉक्सला सिग्नल ओळखायला काही सेकंद लागतात आणि घाईत नेमकी जागा हातून निसटते.

चालत्या गाडीत टीव्ही?

शक्य आहे, जहाजांवर आणि विमानांत तो असतोच. त्यासाठी गाडीच्या प्रत्येक वळणाबरोबर उलट दिशेने फिरणारी, मोटर आणि जायरोस्कोप असलेली अँटेना लागते. तिची किंमत घरच्या डिशच्या कितीतरी पट. थांबल्यावर बटण दाबून आपोआप उपग्रह शोधणारी अँटेना त्यापेक्षा स्वस्त, पण ती परदेशी बनावटीची असेल तर तिच्यात भारतावरचे उपग्रह टाकता येतात का, हे पैसे देण्याआधी विचारावे. पूल आणि झाडांच्या कमानी आल्या की दोन्ही सारख्याच आंधळ्या. शिवाय चालकाला दिसेल असा पडदा चालू ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. महामार्ग ५३ वर ट्रकांची रांग बघितली तरी हे पटावे.

या महामार्गाने पुढे गेले की रायपूर लागते. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर झालेल्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून थेट टीव्ही दाखवला गेला. त्यात रायपूरचा परिसर होता. तेव्हाची गावातली अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची होती. आजची डिश काखोटीला मारून नेता येते.

विजेचे गणित

हे सर्वांत सोपे. लहान एलईडी टीव्ही आणि बॉक्स मिळून साधारण ४० वॅट घेतात. तीन तास बघितले तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून दहा अँपिअर-तास गेले. अनेक सेट-टॉप बॉक्स मुळात १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे इन्व्हर्टरचा फेरा टाळता येतो. हे काम गाडीच्या इंजिनाच्या बॅटरीवर टाकू नये. सकाळी गाडी ढकलावी लागेल.

पावसाळ्यात काय होते?

खरा प्रश्न हा आहे. फ्री डिश आणि इतर डीटीएच सेवा ज्या लहरी वापरतात, त्या जोराच्या पावसात थेंबांमध्येच शोषल्या जातात. धानाला हवा तसा धो-धो पाऊस आला की पडद्यावर चौकोन उमटतात आणि मग चित्र थांबते. डिश नेमकी लावलेली असेल तर ती हलक्या पावसात टिकते, मुसळधार पावसात नाही. (मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास काही मिनिटे स्वच्छ उन्हातही फ्री डिश जाते. तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो. काही न करता थांबावे.)

नदीकाठी मुक्काम करणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यायला हवे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्यामुळे वैनगंगेला पूर आला आणि भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरले. पाणी वरून येते तेव्हा इथे पाऊस असेलच असे नाही, पण असेल तर ज्या रात्री बातमी सर्वांत जास्त हवी असते त्याच रात्री डिश बंद पडते. जंगलाच्या कडेला मोबाइलचे नेटवर्कही लंगडेच. म्हणून पावसाळ्यात गोसीखुर्दच्या किंवा वैनगंगेच्या काठी गाडी लावण्याआधी जवळच्या गावात पोलीस पाटलांना अथवा ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे, मुक्काम उंचावर करावा आणि गाडीत सेलवर चालणारा रेडिओ ठेवावा. विजा चमकू लागल्या की डिश नीट करायला छतावर चढू नये, तिपाईलाही हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे विजेची पूर्वसूचना देणारे ॲप मोबाइलमध्ये असावे; ते नेटवर्क असेल तेव्हाच, म्हणजे भंडारा किंवा साकोली सोडण्यापूर्वी, उघडून बघावे.

अभयारण्याच्या प्रवेशद्वाराजवळ थांबणाऱ्यांनी टीव्हीचा आवाज गाडीच्या बाहेर जाऊ देऊ नये. तिथले रात्रीचे आवाज ऐकायलाच बाकीचे लोक आलेले असतात.